जास्तीत जास्त काय होईल?

फोन वाजला तेव्हा मी तो उचलला नाही. सकाळचे साडेअकरा झाले होते, मी ऑफिसात चहाचा कप हातात धरून बसले होते आणि पडद्यावर करुणाच्या नवऱ्याचं, सुधीर भाऊजींचं नाव होतं. भाऊजी मला स्वतःहून कधीच फोन करत नसत, त्यामुळे काय झालं असणार ते मला पहिल्याच रिंगला कळलं. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला... तिसऱ्या वेळी शेजारच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, "घ्या ना, काही महत्त्वाचं असेल." मी घेतला. करुणा पहाटे गेली होती. इतक्या वर्षांची मैत्रीण गेल्याचं कळल्यावर माणसाला रडू येतं म्हणतात. मला आधी भीती वाटली आणि मग लाज, कारण शेवटचे अकरा दिवस मी तिच्या घराकडे फिरकलेच नव्हते.

आमची ओळख विद्यापीठातली. दोघी व्यवस्थापन शिकत होतो. मी नंदनवनहून बसने यायची, ती तिच्या मावशीच्या स्कूटीवर. आम्हाला 'नेतृत्व' नावाचा एक अख्खा पेपर होता. नेता जन्मालाच यावा लागतो असं एक मत, तो घडवता येतो असं दुसरं, परिस्थिती पाहून नेत्याने आपली तऱ्हा बदलावी असं तिसरं. मला ही सगळी मतं मांडणाऱ्यांच्या नावांसकट पाठ होती. करुणाच्या लक्षात नावं राहायची नाहीत. ती पुस्तक पुढून मागून चाळायची आणि विचारायची, "वर्षे, नेत्याचे एवढे गुण लिहिले, पण त्याले भीती वाटली तं तो काय करते, हे काहून नाही लिहिलं वं कोणी?" मी म्हणायची, परीक्षेत ते येत नाही, सोड.

सराव म्हणून सर आम्हाला आळीपाळीने वर्गासमोर उभं करायचे आणि एखादा निर्णय सगळ्यांना पटवून द्यायला लावायचे. करुणाची पहिली पाळी होती त्या दिवशी ती मला मागच्या व्हरांड्यात बेसिनपाशी सापडली. ओकून झालं होतं. भर एप्रिलात तिचे हात गार पडले होते. मला अशा वेळी धीर देता येत नाही, चीड येते. मी म्हटलं, "जास्तीत जास्त काय होईल, सांगू? तू विसरशील. मागचे पोरं हसतील. सर म्हणतील, बसा खाली. मग वर्षभर सारे तुले 'बसा खाली' म्हणून चिडवतील." "मग?" तिने विचारलं. "मग काय, आपण तर्री पोहे खाऊ." ती हसली, तोंड धुतलं आणि वर्गात जाऊन असं बोलली की सरांनी वहीतून मान वर काढली.

तेव्हापासून तो आमचा रिवाजच झाला. नियम तिचे होते. खोटा धीर द्यायचा नाही. मी जरा हातचं राखून सांगितलं की ती माझं मनगट दाबायची, "हे नाही वं, याच्याहून वाईट सांग." आणि सगळ्यात वाईट ते सांगून झालं की तिच्या 'मग?'लाही उत्तर द्यायचं. वर्गातले सगळे तिला धीट समजायचे. प्रत्येक गटाला करुणाच प्रमुख हवी असायची. त्या बेसिनचं फक्त मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्या गुपिताचा मला गर्वही होता.

शेवटच्या वर्षी आमच्या वर्गाने बचत गटांच्या बायकांचा मेळावा भरवला. भाड्याच्या हॉलात दीड-दोनशे बाया, कडेवर लेकरं, आणि प्रमुख अर्थातच करुणा. दुपारी रंगमंचाच्या वायरिंगमधून धूर निघाला आणि दिवे गेले. कोणीतरी "आग!" म्हणून ओरडलं. मी दाराजवळ होते. मी बाहेर पळाले. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. नेतृत्वाची सगळी मतं पाठ असलेली मी रस्त्यापलीकडच्या पानठेल्यापाशी उभी होते आणि आतून करुणाचा आवाज येत होता... माइक बंद, नुसत्या गळ्याचा. "मावशी, तुम्ही पयले. लेकरू उचला. पळू नका, उजवीकडून या." एकेक रांग बाहेर येत गेली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. ती सगळ्यांत शेवटी आली आणि पायरीवर मटकन बसली. मी जवळ गेले तर म्हणाली, "कुठं गेली होती तू? मी मनातल्या मनात विचारून राहिली होती, जास्तीत जास्त काय होईल... सांगाले कोणीच नव्हतं." त्या प्रसंगावर मी नेतृत्वाच्या पेपरासाठी लिहावी लागणाऱ्या रोजनिशीत आठ पानं लिहिली आणि त्या पेपरात वर्गात पहिली आले. करुणाने पेढे मागून खाल्ले. त्या दिवसावरून तिने मला पुन्हा कधी टोमणा मारला नाही, आणि मला ते टोमण्यापेक्षा जड गेलं.

पुढे ती एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर गेली. मी कधीच कोणाची प्रमुख झाले नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. अवघड बैठकीच्या आधी तिचा फोन यायचा, "दोन मिनिटं आहेत, सांग लवकर." मी सांगायची. मग आजार आला आणि तो पोटातून पसरत गेला. भेटायला येणारा प्रत्येक जण तिला 'लढवय्या' म्हणायचा. ऑफिसातल्या पोरांनी तर तसं लिहिलेलं भेटकार्ड आणलं होतं.

मी शेवटची गेले ती दुपार मला विसरता येत नाही. मनीषनगरच्या त्यांच्या घरात कूलर चालू होता. भाऊजी औषधं आणायला गेले होते, लेक यशू क्लासला. करुणाने माझं मनगट धरलं. बोटांत जोर उरला नव्हता. "सांग ना वं," ती म्हणाली, "जास्तीत जास्त काय होईल?" मला सगळं दिसत होतं. शब्दही सुचत होते. आणि मी म्हटलं, "काही नाही होत गं. तू किती जणांले सांभाळलं, हे काय मोठं आहे?" तिने हात सोडला. मग म्हणाली, "जा तू, उशीर होऊन राहिला असंल." मी दुसऱ्यांदा पळाले. त्यानंतर रोज जायचं ठरवायची आणि रोज घाबरायची, ती पुन्हा विचारेल म्हणून.

आता सहा आठवडे झाले. परवा मनाचा हिय्या करून तिच्या घरी गेले. भाऊजी स्वयंपाकघरात डब्याच्या तयारीला लागले होते, नववीतली यशू समोरच्या खोलीत दप्तर भरत होती. मी हळूच विचारलं, "आई शेवटी काही विचारत होती का गं?"

"हो ना मावशी. साऱ्यांलेच विचारे. बाबा उठून बाहेर जात. डॉक्टर म्हणत, पॉझिटिव्ह राहा. मग एक दिवस मले विचारलं."

"मग तू?"

"मी म्हटलं, आई, तुले खूप दुखेल, अन् मग तू मरशील. मी खूप रडीन. शाळेत सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतील, अन् मले त्यांचा राग येईल." तिने चेन ओढून दप्तर बंद केलं. "आई म्हणे, मग? मी म्हटलं, मग रोज डब्यात भेंडी. बाबाले दुसरं काही येतच नाही."

"हसली का गं ती?"

"खूप हसली. म्हणे, त्याची भेंडी चिकट होते, त्याले सांग, धुतल्यावर पुसून चिरत जा म्हणा."

"सांगितलंस?"

यशूने नाही म्हणून मान हलवली. "सांगितलं तं बाबा रडतील. मले भीती वाटते."

मलाही वाटत होती. अजूनही वाटते आहे. मी उठले आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. भाऊजी पाठमोरे होते, विळीवर भेंडी, शेजारी ओली चाळणी.

"भाऊजी," मी म्हटलं, "भेंडी आधी पुसून घ्या. करुणाने सांगितलंय."