जिवंत माणसाचं सुतक

माझा केसाने गळा कापला तो नवऱ्याने नव्हे, नणंदेने. नवऱ्याकडून मी कसलीच आशा ठेवली नव्हती, त्यामुळे त्याचा आता राग करावा एवढंही काही उरलेलं नाही. पण ही पोरगी, मी रोह्याच्या घरात नांदत होते तेव्हा भाताखाली लपवून मला माशाची तुकडी वाढायची. सासू अंगावर आली की मध्ये पडायची. मी लेकीला घेऊन पेणला माहेरी निघाले त्या दिवशी एसटीत बसवून द्यायला आलेली ती एकटीच. तिचं स्वतःचं लग्न अजून व्हायचं होतं.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. अलिबागच्या कोर्टात घटस्फोटाची केस चालू होती आणि लेक सहा वर्षांची होती. निकाल लागेपर्यंत ती माझ्याजवळ राहणार, एक रविवार आड मी तिला रोह्याच्या एसटी स्टँडवर बापाच्या ताब्यात द्यायची आणि संध्याकाळी तिथूनच परत घ्यायची, असा हुकूम होता. माझे वकील पेणचेच, वयस्कर. पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, नवऱ्याशी भांडा, सासूशी भांडा, त्या रविवाराशी भांडू नका. तो चुकला तर पोर हातची जाईल." मी तो रविवार डोळ्यांत तेल घालून सांभाळला. नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्यावर आलं, गाडी अडकली, तरी पोरीला कडेवर घेऊन पुढची गाडी पकडली.

तेव्हा मी हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जायची. श्रावण लागला होता, कामाला नुसता ऊत. अशात एका दुपारी नणंद दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तर उंबरा ओलांडेना.

"नाय वयनी, सुतक हाय. काका गेले."

काका म्हणजे नवऱ्याचे चुलते. नागोठण्याला कंपनीत नोकरी करून रिटायर झाले आणि रोह्यात याच घरात राहायला आले. त्या घरात मला 'बाय' म्हणून हाक मारणारा हा एकच पुरुष. तिला पाणी आणून दिलं, तर तेही घेईना. डोळ्याला पदर लावून म्हणाली, "दादानी सांगितलंय, या रविवारी पोरीला आनू नको. घरात रडारड हाय. दिवस झाले का मंग आन."

मी काही विचारलं नाही. मेल्याची बातमी घेऊन आलेल्या माणसाकडे कोण पुरावा मागतं? डोक्यावरून पाणी घेतलं, लेकीला आंघोळ घातली आणि पोटभर रडले. फारकत अजून झाली नव्हती, म्हणजे मी त्या घरची सून होते आणि सुतक मलाही होतं. आई भडकली. ज्यांनी तुला घराबाहेर काढलं त्यांचं सुतक कसलं पाळतेस, म्हणाली. कारखान्याच्या मालकांनी निरोपावर निरोप धाडले, की मूर्तीत प्राण घालेपर्यंत ती मातीच असते, तू आपली ये. माझं मन धजेना. सुतकातल्या हाताने मी देवाचे डोळे कसे रंगवू? दहा दिवस मी ब्रशला शिवले नाही.

त्यानंतर कोर्टाची नोटीस आली. रविवारी बाप दोन शेजाऱ्यांना साक्षीला घेऊन स्टँडवर ताटकळत उभा होता, बायकोने मुद्दाम मुलीला आणलं नाही, हा कोर्टाचा अवमान आहे. तिला शिक्षा करावी आणि मुलीचा ताबा मला द्यावा, असा नवऱ्याचा अर्ज. मला वाटलं घरात काहीतरी घोटाळा झालाय, नणंद निस्तरील. वकिलांनी विचारलं, मयताचा दाखला आहे का. माझं डोकंच फिरलं. "काकांच्या मरणाचा दाखला मागायला त्यांच्या दारात जाऊ का?" ते थांबू म्हणत होते, पण मी हट्टाने प्रतिज्ञापत्रात लिहायला लावलं, की चुलत सासरे वारले, नणंद निरोप घेऊन आली, म्हणून मुलीला नेलं नाही. खाली सही ठोकली.

तारखेला कोर्टाच्या पायऱ्या चढून काका आले. छत्री टेकत, नेहमीसारखे धापा टाकत.

खरं सांगते, मला आधी आनंद झाला. काका जिवंत आहेत, एवढंच डोक्यात आलं. मूर्ख मी. त्यांच्याकडे दोन पावलं गेलेसुद्धा. तेव्हा ते म्हणाले, "मला मारून टाकलंस गो बाय?" आणि तोंड फिरवलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

नवऱ्याच्या वकिलाने काकांना उभं केलं आणि म्हणाला, साहेब, हेच ते मयत. सगळे हसले. न्यायाधीश हसले नाहीत, ते माझ्याकडे बघत राहिले. नंतर नणंद पिंजऱ्यात आली. शपथ घेतली आणि म्हणाली, "मी पेनला गेलेच नाय." माझ्याकडे तिने बघितलं नाही. काका जिवंत असताना दारात उभी राहून ती रडली होती, उंबऱ्याबाहेर थांबली होती, पाणी नाकारलं होतं. एवढं नाटक तिने माझ्यासाठी बसवलं होतं आणि ते करताना तिला एकदाही अडखळायला झालं नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात वकील म्हणाले, "बिनशर्त माफी मागा. साहेब समज देऊन सोडतील. पण हुकूम मोडला आणि शपथेवर खोटं बोललात हे कागदावर राहील, आणि ताब्याच्या वेळी तेच तुमच्या तोंडावर मारतील."

"मी काय खोटं बोलले?"

"अवमान म्हणजे मुद्दाम मोडलेला हुकूम, बाई. मुद्दाम नव्हतं असं तुमच्या आईशिवाय कोण सांगणार?"

मी तिथेच फुटले. "मुद्दाम, डोंबल माझं! मी इकडे सुतक पाळत बसले होते, कारखान्याला शिव्या खात."

वकील चष्मा काढून माझ्याकडे बघायला लागले. "हे आधी का नाही सांगितलंत?"

हे सांगायची गोष्ट आहे असं मला वाटलंच नव्हतं. घरात कुणी गेलं की सुतक पाळायचं, त्यात काय सांगायचं?

पुढच्या तारखेला कारखान्याचे मालक आले, कपाळाला आठ्या घालूनच. म्हणाले, ऐन हंगामात ही बाई दहा दिवस घरी बसली, सासरी सुतक आहे म्हणे. मी एवढा चिडलो होतो की हिच्या जागी दुसरी बाई बघायला लागलो. दुसऱ्या बाजूच्या वकिलाने विचारलं, हे सगळं ढोंग कशावरून नव्हतं. त्यावर न्यायाधीशच बोलले, "नोटीस निघायच्या आधी, स्वतःचा रोज बुडवून, ढोंग कुणासाठी करतील?" अर्ज फेटाळला. लेक माझ्याजवळ राहिली. रविवारचा हुकूमही तसाच राहिला.

काका मागच्या बाकावर बसून हे सगळं ऐकत होते. बाहेर आल्यावर माझ्याजवळ येऊन थांबले. ओठ हलले. मला वाटलं आता 'बाय' म्हणतील. तेवढ्यात नवऱ्याने जीपमधून हाक मारली आणि ते जाऊन जीपमध्ये बसले. आपल्याला कुणी मारलं होतं हे कळल्यावरसुद्धा.

पुढच्या रविवारी रोह्याच्या स्टँडवर पोरीला न्यायला नणंदच आली. लेक "आत्या" म्हणत पळत गेली आणि तिच्या कमरेला बिलगली. तिच्या केसांवरून हात फिरवत नणंद हळूच म्हणाली, "माझं लगीन दादाच्या हातात हाय गो वयनी. मी काय करनार?"

"माझी पोर जात होती," मी म्हटलं. "तुझं फक्त लग्न होतं." आणखी बोलले असते तर पोरीदेखत तिच्या थोबाडीत मारली असती.

संध्याकाळी लेकीला परत देताना नणंद म्हणाली, "पुढच्या खेपेला नको आनू. आमी सगली मामाकडं जानार."

त्या रविवारी मी लेकीला घेऊन सकाळच्या गाडीने रोह्याला गेले. स्टँडवरच्या बाकावर बसलो. डबा खाल्ला. संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही. कंट्रोलरना दोनदा जाऊन सांगितलं, साहेब, आम्ही इथे आहोत, लक्षात ठेवा.

परतीच्या गाडीत लेक म्हणाली, "आत्या बोलली व्हती ना, आमी नाय म्हनून?"

"बोलली होती."

"मंग ती खरं बोलली ना?"

"हो, खरं बोलली."

"मंग आपन दिवसभर कशाला थांबलो?"

तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि झोप म्हटलं. पुढच्या वेळीही मी तिला घेऊन तशीच उभी राहणार होते.