आत्याबाई डोंग्यात बसतात

जेवणं झालीत, भांडी तशीच पडली आहेत आणि मी वरांड्यातल्या उन्हात चटई टाकून आडवी झाले आहे. डोक्याखाली उशी नाही, प्रांजलीचं नारिंगी लाइफ जॅकेट आहे. पोरीनं घरभर तंबू, दोऱ्या आणि पाण्याच्या पिशव्या पसरून ठेवल्यात, त्यात उशी कुठं सापडणार! पौषातलं ऊन आहे, पांघरून घ्यावं असं. डोळे मिटतायत, पण डोकं काही गप्प बसत नाही.

कारण संध्याकाळपर्यंत मला उत्तर द्यायचंय.

प्रांजली माझी एकुलती एक. पुण्याला नोकरी करते, आणि तिथं कुठल्याशा तलावावर दर रविवारी जाऊन होडी वल्हवायला शिकलीय. ती तिला कनू म्हणते. आमच्या वैनगंगेवर डोंगा म्हणतात. तिचा डोंगा फायबरचा आहे, पिवळाधमक, पुढं एकीची जागा आणि मागं एकीची. भाड्यानं आणून अंगणात पालथा घालून ठेवलाय. बेत असा की आम्ही दोघी मायलेकींनी आमच्याच घाटावरून निघायचं आणि नदीनं खाली, जंगलातून जात राहायचं. रेतीवर तंबू ठोकायचा, तीन दगडांवर भात शिजवायचा, सोबत वाळलेले झिंगे. वाटेत गाव नाही, फोनला रेंज नाही. "तू नाही आलीस तर मी एकटी जाईन," असं तिनं जेवताना सांगितलंय. ही पोरगी म्हणते ते करते. लोक म्हणतात, आईवर गेलीय. साफ खोटं आहे, आजीवर गेलीय.

मला पाण्याची भीती वाटते. जन्म नदीकाठी गेला, पण घोट्याच्या वर पाण्यात मी कधी गेले नाही. हे लेकीला सांगायची लाज वाटली, म्हणून मी सासूबाईंचं नाव पुढं केलं. आम्ही ढिवर, नदीवर मासे धरणारे. आमच्या घरातल्या बायका मासे विकतात, साफ करतात, जाळी विणतात, पण डोंग्यात पाय ठेवत नाहीत. बाई बसली की नदी रुसते, असं सासूबाई सांगत. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. मागच्या साली तान्ह्या पोळ्याच्या दिवशी त्या गेल्या. "आजीला हे चाललं नसतं," मी म्हटलं. मेलेल्या माणसाच्या खांद्यावर बंदूक ठेवली तर कोण येतंय जाब विचारायला!

आत भांडं पडल्याचा आवाज होतो. मांजर असेल. मी उठून स्वयंपाकघरात जाते.

मांजर नाही. मोरीपाशी पाटावर आत्याबाई बसल्यात. पुढ्यात मोठी विळी, बाजूला टोपलं, कोपरापर्यंत हात ओले. मासे साफ करतायत.

"कुंदे, राख संपली वं," त्या वर न बघता म्हणतात.

"गॅस आल्यापासून घरात राख असते का, आत्याबाई?" मी सहज म्हणून जाते. आणि म्हणून झाल्यावर माझ्या लक्षात येतं, आपण कोणाशी बोलतोय.  दाराची चौकट धरावी म्हणून हात मागं नेते तर चौकट हाताला लागत नाही.

"तुम्ही... तुम्ही गेलात ना?"

"हाव. गेली ना."

"मग?"

"मंग काय? तुनं नाव घेतलं माह्यं. आली." त्या माशाचं शेपूट कापून बाजूला टाकतात. "काय काय बांधलंस नदीसाठी?"

"तांदूळ," मी म्हणते. माझाच आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा ऐकू येतो. "झिंगे. मिरचीचा ठेचा. काडेपेटी."

"मीठ?"

"मीठ राहिलं."

"पाह्य आता! मीठ नाही अन् चालली नदीवर."

"मी नाही चालले, आत्याबाई. मी येत नाही म्हणून सांगणार आहे."

त्या पहिल्यांदा वर बघतात. चेहरा तोच, कपाळावरचं गोंदण तेच. पण जाताना डोळ्यांत पडलेला तो पांढरा पडदा गेलाय. डोळे एकदम स्वच्छ आहेत, आणि त्या डोळ्यांनी त्या मला इतका वेळ न्याहाळतात की मीच खाली बघते. मग विळी आडवी करून उठतात. पाटाखालून पाणी आलेलं असतं. मोरी तुंबली असेल असं मी म्हणते, तोवर त्यांनी लुगड्याचा काष्टा वर खोचलेला असतो आणि त्या त्या पाण्यातून चालायला लागलेल्या असतात.

आम्ही मासळीच्या बाजारात आहोत. दोन्हीकडं सिमेंटचे ओटे आणि वर पत्रे. आत्याबाईंचा ओटा कोपऱ्यातला. पण बाजारात माणूस नाही, माशी नाही. तराजू आपले आपण हलताहेत आणि ओट्यांच्या मधल्या बोळातून पाणी वाहतंय, सावकाश, गुडघ्याएवढं. माझ्याही गुडघ्याएवढं. हे पाणी बघून मी किंचाळायला हवं, पण आत्याबाई पुढं चालल्यात आणि मी त्यांच्या मागं चालतेय. तशीच सवय आहे.

"आत्याबाई, कुठं चाललो आपण?"

"पोट्टी थांबली हाय ना."

बोळ संपतो तिथं नदी आहे. आमचाच घाट, पण पायऱ्या नाहीत आणि पलीकडचा काठ दिसत नाही. रेतीला लागून डोंगा उभा आहे. पिवळा नाही, जुना लाकडी, काळा पडलेला. त्यात पुढं प्रांजली बसलीय, माझ्याकडं पाठ करून. वेणी ओळखू येते. मानेवरचा तीळ ओळखू येतो.

आत्याबाई सरळ पाण्यात शिरतात, डोंग्याची कड धरतात आणि मागच्या जागेवर जाऊन बसतात. वल्हं उचलतात.

 आत्याबाई, डोंग्यात! ज्या बाईनं माझ्या लग्नाच्या वर्षी, मी नुसती काठाच्या डोंग्याला टेकून उभी राहिले म्हणून मला घाटभर ऐकू जाईल असं झापलं होतं, ती बाई फतकल मारून डोंग्यात बसलीय. पण हा धक्का अर्धा क्षण टिकतो, कारण लगेच दुसरा बसतो. मेलेलं माणूस स्वप्नात येऊन बोलावू लागलं तर जायचं नसतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्याच्या हातचं घ्यायचं नाही, त्याच्या मागं चालायचं नाही, त्याच्या गाडीत बसायचं नाही. आणि माझी पोर त्यांच्या डोंग्यात बसलीय.

"प्रांजू!" मी ओरडते. "प्रांजू, उतर!"

ती वळत नाही.

"आत्याबाई, तिला उतरवा."

"ते उतरन का? म्हणते ते करते." आत्याबाई वल्ह्यानं रेती ढकलतात. डोंगा हलतो. "तू तं येऊन नाही राहिली. पोट्टीले एकटी कशी सोडू वं? मी जाते तिच्यासंगं."

म्हणजे असं आहे तर. मी गेले नाही तर माझ्या जागी ही बसणार.  डोंगा काठापासून हातभर सुटलाय, मग दोन हात. मला कळायच्या आत मी पाण्यात आहे. मांडीपर्यंत, कमरेपर्यंत. पायाखालची रेती सरकतेय आणि मी डोंग्याची कड दोन्ही हातांनी पकडलीय.

"उठा तिथून," मी म्हणते.

"काय म्हणलं?"

"उठा म्हणते ना! ती जागा माझी आहे. ती लेक माझी आहे. तुम्ही गेलात, आत्याबाई. तुमचं तेरावंसुद्धा झालं. उठा!"

सगळा संसार मी या बाईशी मनातल्या मनात भांडले. तोंडावर एक शब्द काढला नाही. आणि आता काढला तर रडूच येतंय.

आत्याबाई उठतात. रागावत नाहीत. वल्हं माझ्याकडं करतात आणि हसतात. पुढचे दोन दात नाहीत, तसंच हसतात.

"मले वाटलं, म्हणतेच का नाही," त्या म्हणतात.

मी कशी चढते ते मला कळत नाही. मी मागच्या जागेवर आहे, अंगावरून पाणी गळतंय. आत्याबाई पाण्यात उभ्या आहेत, डोंग्याला धरून. त्यांच्याभोवती पाण्याची लाट नाही.

"मंग मले कुठं बसवतेस?" त्या विचारतात.

"तुम्हाला?"

त्या हात लांब करतात. नदी जिथं वळते तिथं दोन्हीकडून जंगल खाली आलंय. "त्या वळणाच्या पुढं काय हाय, तुले ठावं हाय का?"

"नाही."

"मले बी नाही. सासरा जाये, नवरा जाये, तुहा नवरा बी जाये. संध्याकाळी येऊन सांगत. मी मासे निवडता निवडता आयकत होती. सारी जिंदगी या काठावर बसून मासे इकले. वळण काही पाह्यलं नाही."

"पण नियम तर तुम्हीच सांगायच्या!"

"माह्या सासूनं मले सांगतला. मी तुले सांगतला. तू आता पोट्टीले सांगून राहिली."

 कोणीतरी कानाखाली वाजवावी तशी मी बसून राहते.

मेलेल्यानं बोलावलं तर जायचं नाही, हे सगळ्यांनी सांगून ठेवलंय. पण मेलेलंच माणूस म्हणालं, मला घेऊन चला, तर काय करायचं? ते कोणी सांगितलेलं नाही. मी प्रांजलीच्या पाठीकडं बघते. आत्याबाईंकडं बघते. त्या विनवत नाहीत. बाजारात शेवटचा मासा घेऊन बसायच्या तशा उभ्या आहेत, गिऱ्हाईक आलं तर आलं.

"या," मी म्हणते. "मधे बसा."

त्या चढतात आणि आम्हा दोघींच्या मधे मांडी घालून बसतात. अंगानं चांगल्या भरलेल्या बाई होत्या त्या. पण डोंगा तसूभरही खाली जात नाही. जरासुद्धा नाही. मी कडेकडं आणि पाण्याकडं बघत राहते, आणि आत्याबाई गेल्या आहेत हे मला आत्ता, इथं, खरोखर कळतं. तिरडी बांधताना कळलं नव्हतं.

"मार ना वल्हं," त्या म्हणतात. "पाह्यत काय बसली?"

"मला येत नाही."

"मनगटानं नोको. खांद्यानं ओढ. पाण्यासंगं भांडू नोको, ते काय मी हाय का?"

मी ओढते. डोंगा गोल फिरतो. पुन्हा ओढते. हात जळतात, खांदे भरून येतात, आणि डोंगा सरळ होतो.

"आई, डावीकडं खडक आहे," प्रांजली म्हणते. पाठच आहे, पण आवाज तिचा आहे, जिवंत, जरासा वैतागलेला. मला इतकं बरं वाटतं की मी रडायला लागते आणि रडत रडत वल्हं मारते. खडक बाजूनं जातो. झाडं जवळ येतात. आत्याबाईंनी पदर डोक्यावरून खाली टाकलाय, दोन्ही हातांनी कड धरलीय आणि मान लांब करून त्या पुढं बघताहेत. वळण येतं. पाणी गार होतं, आवाज बदलतो, आणि आत्याबाई म्हणतात, "अवो माय..."

"आई! ए आई, ऊठ. ऊन गेलं कधीचं."

प्रांजली माझ्याजवळ उकिडवी बसलीय. मी आधी तिचा चेहरा बघते. मग हात लावून बघते, गाल, कपाळ, कान.

"काय झालं? घाम किती आलाय तुला!"

मी उठायला म्हणून चटईवर हात टेकवते आणि "आई गं" म्हणून ओरडते. तळहात जळतोय. प्रांजली हात ओढून उताणा करते. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यात फोड आलाय, बोराएवढा, पाण्यानं टच्च भरलेला. आम्ही दोघी त्याच्याकडं बघत बसतो. 

"मला तलावावर पहिल्या दिवशी अगदी इथंच आला होता," प्रांजली हळूच म्हणते. "वल्ह्यानंच येतो असा. तू काय करत होतीस?"

"झोपले होते."

"आई, खरं सांग."

"मी येतेय," मी म्हणते. "मागं मी बसणार. मला पाण्याची भीती वाटते, मरणाची वाटते, पण मी येतेय. आणि मधे सामान भरू नकोस. काय असेल ते पुढं-मागं बांध. मधली जागा मोकळी ठेव."

"का?"

"आजीला बसायचंय."

प्रांजली हसायला जाते, माझ्या हाताकडं बघते, आणि हसत नाही.