विचारून घेतलेली बतावणी

चिंचवडच्या शाळेत मराठी शिकवणारे हरिहर टेंबे विनोद सांगू लागले की मुलं आधीच हसत. विनोदाला नव्हे, सरांना. कारण विनोदाआधी तो कुणाचा, हे ते सांगत. "हा आमच्या तळेगावच्या मावसभावाचा. त्यानं तो गाडीत एका गृहस्थांकडून ऐकला. त्यांचं नाव विचारायचं राहिलं, ही मात्र त्याची चूक." तोवर तासाची घंटा होई. घरीही तेच. पाहुण्यांनी आमटी वाखाणली की पत्नी काही बोलायच्या आत सर म्हणत, "ही रीत शेजारच्या शालनबाईंची हो." अरुंधतीबाई म्हणत, "मीठ तरी माझं होतं म्हणून सांगा!"

१९७३ च्या स्नेहसंमेलनासाठी नववीनं बतावणी बसवली. तमाशात दोघांतिघांत चालते तशी थट्टेची बोलाचाली. सासुरवाडीला आलेला लाजरा जावई 'नको, नको' म्हणत उपाशीच राहतो, अशी तिची गंमत. फळ्यावर झोकात लिहिलं होतं : 'लेखक, दिग्दर्शक आणि प्रमुख भूमिका – नंदकिशोर साठे'.

तालमीला सर डोळे पुसून पुसून हसले. तेवढ्यात मागच्या बाकावरून पद्मा तापकीर उठली. मुलगी चऱ्होलीची, मामाकडे राहून शिकणारी.

"सर, ही आमच्या कोंडाआज्याची हाय. आमच्या जत्रेत व्हायची."

नंदकिशोरचे कान लाल झाले. "मी पाहिली होती तिथंच. पण सर, जत्रेतली गंमत ती. तिला काय सातबारा असतो?"

"नसतो ना," सर म्हणाले. "म्हणूनच विचारायचं. शेताला निदान कुंपण तरी असतं रे."

"अहो पण संमेलन परवा आहे!"

"मग आजच जाऊ. ते हो म्हणाले तर बतावणी. नाहीतर आपलं समूहगीत आहेच."

समूहगीताचं नाव काढताच वर्गाचा चेहरा पडला. गेल्या वर्षीच्या समूहगीताला पालकसुद्धा उठून गेले होते.

शाळा सुटल्यावर सर, नंदकिशोर, बतावणीत मेव्हण्याचं काम करणारा गुरुदत्त आणि वाट दाखवायला पद्मा, असे सायकलींवर निघाले. सरांच्या हँडलला नारळाची पिशवी हेलकावत होती.

कोंडाजी तापकीर ओट्यावर कांद्याची रोपं निवडत बसले होते. त्यांचा तमाशाचा फड कधीच मोडला होता. गडी पिंपरीच्या कंपन्यांत लागले. एक पहिल्या शिफ्टला, तर दुसरा रात्रपाळीला. सगळे एका वेळी जागे सापडतील तेव्हा ना खेळ! सरांनी काही न लपवता सगळं सांगितलं, फळ्यावरच्या नावासकट. नंदकिशोर पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा राहिला.

"करून दावा," कोंडाजी म्हणाले.

पोरांनी अंगणातच केली. शेजारपाजार हसून लोटपोट झाला. कोंडाजी हसले नाहीत.

"न्हाई. असली न्हाई करायची."

सर पुढे झाले. "बुवा, मुलांचं चुकलं, पण..."

"चोरली त्याचं मागनं बघू, मास्तर. पर अर्धीच चोरलीया! सासू कुठं हाय हिच्यात? सासूबिगर जावई भितो कुणाला?"

नंदकिशोर पुटपुटला, "लुगडं नेसायला कुणी तयार होईना."

"मंग तू नेस. सासू उभी कर, आन् खुशाल करा माझी बतावणी."

नंदकिशोरनं महिनाभर जावयाच्या कोटाची स्वप्नं पाहिली होती. त्यानं आशेनं सरांकडे पाहिलं. सर आभाळाकडे पाहत होते.

"नेसतो," तो शेवटी म्हणाला.

म्हातारा एकदम खुलला. सासूची चाल, सासूचं डोळे वटारणं, सगळं त्यानं स्वतः करून दाखवलं. कोंडाजींच्या पत्नी अंबूबाईंनी आपलं लुगडं नंदकिशोरला नेसवलं आणि "कशी शोभतीया गं बया!" म्हणून त्याची अलाबला घेतली. जावयाचं काम गुरुदत्तकडे गेलं.

"आन् पंगतीतला इनोद माझा न्हाई बरं," कोंडाजी मध्येच थांबून म्हणाले. "त्यो खेडच्या सोपानरावांचा. म्हातारं गेलं आता. पर मी त्यांच्या हयातीत नारळ दिऊन इचारला व्हता. त्यांचं बी नाव घ्या."

जत्रेत हरवलेला भाऊ भेटावा तसे सर हसले.

"घंटा वाजली की जावई कंपनीचा भोंगा समजून ताटासकट पळतो, ते कुणाचं?" सरांनी विचारलं.

"माझं," नंदकिशोर हळूच म्हणाला.

"पक्कं?"

"पक्कं."

कोंडाजींनी मान हलवली आणि सरांच्या हातून नारळ घेतला.

संमेलनाला ते पटका बांधून पहिल्या रांगेत बसले. पडदा उघडला आणि लुगड्यातला नंदकिशोर पाहून टाळ्या-शिट्ट्या सुरू झाल्या. त्यानं हात वर करून सर्वांना गप्प केलं.

"ही बतावणी चऱ्होलीच्या कोंडाजी तापकीर यांची, त्यांच्या परवानगीनं. पंगतीचा विनोद खेडच्या कैलासवासी सोपानरावांचा. चूकभूल मात्र सासूची!"

खेळ रंगला. घंटा वाजली, गुरुदत्त ताट घेऊन पळाला आणि कंपनीतून थेट आलेले बाप लोक बाकं बडवत हसू लागले. तोच कोंडाजी उभे राहिले आणि लोकांकडे वळले.

"थांबा! हे माझं न्हाई! हे त्या पोराचं हाय. त्या सासूचं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पडद्याची दोरी विंगेत टेंबे सरांच्या हाती होती. त्यांनीही दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या, आणि पडदा धाडकन खाली आला. सगळे आत अडकले, सासू तेवढी बाहेर राहिली. नंदकिशोरनं पदर डोक्यावर सारखा केला आणि आधी कोंडाजींना, मग बाकीच्यांना वाकून नमस्कार केला. आत सर अजून दोरी शोधत होते.