जास्त हात, कमी मतं

ज्या वर्षी मी आयर्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक हरले, त्या वर्षी मला समोरच्या उमेदवारापेक्षा, म्हणजे दादांपेक्षा, नऊ हात जास्त आले होते. हे हॉलमध्ये कोणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. ल्यूकनहून नावनला घरी परतताना गाडीत मी कागदी प्लेटच्या मागे टिपलेले आकडे पाहत बसले होते. मी मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात क्वालिटीत काम करते, दिसला आकडा की लिहून ठेवायची खोड आहे. सहज बेरीज केली. मला एक्केचाळीस, दादांना बत्तीस. पुन्हा केली, तेच आलं.

"अरे, मी जिंकलेय!" मी नवऱ्याला म्हणाले.

"नाही. तू सात विरुद्ध दोन अशी हरलीयेस," तो रस्त्यावरून नजर न काढता म्हणाला.

त्याचंही खरं होतं, आणि त्याला कारण मी स्वतः होते.

झालं असं की आमच्या मंडळाचे निम्म्याहून जास्त सभासद ल्यूकनला राहतात. त्यामुळे सगळं ल्यूकनमध्येच व्हायचं. गणपती तिथे, तालमी तिथे, कोजागरीचं दूधही तिथलंच. आम्ही नावनची पाच-सहा घरं दर वेळी गाडीत पोरं कोंबून जायचो आणि "तुम्ही लांबून येता ना" एवढं ऐकून परत यायचो. मला याचा भयंकर राग होता. म्हणून आदल्या वर्षीच्या सभेत मी एक तक्ता करून पडद्यावर दाखवला. अध्यक्ष निवडताना नुसती डोकी मोजायची नाहीत, गावांना मतं द्यायची. ल्यूकनला चार, डून लेरीला तीन, नावनला दोन. प्रत्येक गावात ज्याला जास्त हात येतील, त्याच्या खिशात त्या गावची सगळी मतं. लहान गावांना मान मिळेल, असं मी छाती ठोकून सांगितलं. टाळ्या पडल्या आणि नियम मंजूर झाला. हे आपण नेमकं कोणाचं उचललं, ते तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही.

मग पुढच्या गुढीपाडव्याला मी स्वतःच उभी राहिले. आठ वर्षांत मंडळात एकही बाई अध्यक्ष झाली नव्हती. आम्ही सगळ्या कायम भोजन समितीत. दोनशे माणसांचा मसालेभात बायकांनी करायचा आणि "दोन शब्द" पुरुषांनी बोलायचे, आणि ते दोन शब्द पाऊण तास चालायचे. मला अध्यक्ष व्हायचं होतं. उगाच विनय कशाला दाखवू, मला ते फार हवं होतं. समोर होते दादा, ल्यूकनचे, कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, माणूस दिलदार पण तीन वर्षं खुर्ची न सोडलेला. ल्यूकनमध्ये त्यांना एकवीस हात आले, मला एकोणीस. चारही मतं त्यांची. डून लेरीत अकरा आणि दहा. तीनही त्यांची. नावनचे बाराच्या बारा हात माझे, पण त्यांची मतं मला मिळाली दोनच. माझ्याच तक्त्याने मला चारी मुंड्या चीत केलं होतं. त्यामुळे बोलायची सोयच नव्हती. मी पुन्हा वर्षभर मसालेभात केला.

त्या वर्षीच्या दिवाळी फराळाला अमेरिकेतल्या निवडणुकीखेरीज दुसरा विषय नव्हता. आपण राहतो आयर्लंडमध्ये, पण निम्म्या लोकांच्या कंपन्या अमेरिकन, त्यामुळे तिथे कोण बसतं यावर इथल्या झोपा अवलंबून. दादा हातात करंजी घेऊन मधोमध उभे होते.

"काय सिस्टिम आहे यार ही! देशभरात जास्त मतं मिळवूनही माणूस घरी बसू शकतो. याला डेमोक्रसी म्हणायचं?"

माझा नवरा वाद घालायला कधीही तयार असतो. तो म्हणाला, "तसं नाहीये दादा. लहान राज्यांना थोडं वेटेज नको का? नाहीतर कँडिडेट मोठ्या शहरांतच फिरत बसेल."

"दे ना वेटेज! पण एखाद्या राज्यात एका मताने जिंकला तरी तिथली सगळी मतं त्याचीच? ज्यांनी दुसऱ्याला दिली, ती माणसं काय हवेत गेली? टोटली अनफेअर, बॉस."

आजूबाजूच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मी चकल्यांचा डबा घेऊन त्यांच्या मागेच उभी होते. माझं डोकं इतकं तापलं की हातातला डबा मी टेबलावर आपटलाच.

"दादा, गेल्या पाडव्याला ल्यूकनमध्ये तुम्हाला एकवीस हात होते आणि मला एकोणीस. ती एकोणीस माणसं कुठे गेली?"

दादांची करंजी तोंडापाशी थांबली. मी तिन्ही गावांचे आकडे घडाघडा म्हणून दाखवले आणि बेरीजही सांगितली. मग दादा हसले आणि त्यांनी बरोबर वर्मावर बोट ठेवलं.

"पण वहिनी, ती पद्धत तुम्हीच आणली होती ना?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. तिथे सटकायला जागा होती. मी म्हणू शकले असते की समितीने मंजूर केली, सर्वांनी टाळ्या वाजवल्या. पण खोटं बोलताना माझा चेहरा साथ देत नाही.

"हो. मीच आणली. आणि मी चुकले."

हे चारचौघांत म्हणताना कानशिलं गरम झाली होती, आजही आठवतं. दादांनी करंजी खाली ठेवली. इथल्या लोकांसारखं म्हणाले, "ग्रँड. मग संक्रांतीच्या सभेत डिबेट ठेवू. अमेरिकेची पद्धत योग्य की अयोग्य. आणि नंतर आपल्या नियमावर मतदान."

माझ्या विरुद्ध बाजूने बोलायला उभा राहिला माझा सख्खा नवरा. त्याचं मत खरंच तसं होतं, त्याला मी तरी काय करणार! सभेआधीचा आठवडा आमच्या घरात चहा सोडून कोणत्याही विषयावर बोलणं झालं नाही. नावनमधली माझी सगळ्यात जवळची मैत्रीण, जी चार घरं सोडून राहते, तीही रागावली. "अगं, बारा माणसांना दोन मतं मिळतात आपल्याला. कुठे मिळतात अशी? आणि तू ती घालवायला निघालीस! सभेत मी तुझ्या नवऱ्याला सपोर्ट करणार, सांगून ठेवते." आणि तिने माझ्या व्हॉट्सॲप मेसेजना उत्तर देणंच बंद केलं, नुसत्या निळ्या खुणा.

सभेत नवरा चांगला बोलला. देश म्हणजे नुसती डोकी नव्हेत, राज्यांनी एकत्र येऊन बनवलेली गोष्ट आहे, असं त्याने नीट मांडलं. लहानांची बाजू घेणारा नियम काढला तर मोठे त्यांना विचारणारही नाहीत, म्हणाला. "नावनचं उदाहरण समोर आहे," असं म्हणून तो बसला आणि माझी मैत्रीण सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होती.

मी रात्ररात्र जागून लिहिलेलं भाषण काढलं आणि परत पर्समध्ये ठेवलं. त्याचं बोलणं ऐकताना मला दुसरंच काही लख्ख दिसलं होतं.

"दादा, निवडणुकीच्या आधी तुम्ही मतं मागायला नावनला किती वेळा आलात?"

"एकदाही नाही," दादा म्हणाले. "नावन तुमचंच होतं. येऊन काय उपयोग?"

"बरोबर. आता मी सांगते. मीही नावनमध्ये कोणाच्या घरी गेले नाही. ती दोन मतं माझ्या खिशातच होती. मी चार रविवार डार्टच्या लोकल गाडीने डून लेरीला जात होते, कारण तिथे काट्याची टक्कर होती. समुद्रावरच्या वाऱ्यात उभी राहून लोकांचं ऐकत होते. नावनच्या लोकांना काय हवंय, हे मी नावनची असून विचारलं नाही. माझ्या नियमाने नावनला मान दिला नाही, नावनला गृहीत धरलं. अमेरिकेतही तेच होतं. जिथला निकाल आधीच ठरलाय, तिथे कोण कशाला फिरकेल? मग ते राज्य लहान असो की मोठं."

माझी मैत्रीण माझ्याकडे रोखून पाहत होती. मी तिच्याकडेच पाहून पुढे बोलले.

"नावनला जपायचंय ना? मग नियम करा की वर्षातून एक कार्यक्रम नावनला होईल. कागदावर लिहा. पण अध्यक्ष निवडताना माणसं मोजा, गावं नको."

नवऱ्याने डोकं खाजवलं. एवढ्या वर्षांच्या संसारात तो माझ्याशी वाद हरलेला मी पहिल्यांदा पाहिला, आणि खोटं कशाला बोलू, मला फार मजा वाटली.

मग डून लेरीचा एक सॉफ्टवेअरवाला उठला. म्हणाला, पुढच्या वेळी मीही उभा राहणार आहे, तर आपण काउन्सिलला करतो तसं वन-टू-थ्री का करू नये? ते सगळ्यांना माहीत होतं. इथे नागरिकत्व नसलं तरी स्थानिक निवडणुकीत मत देता येतं आणि मतपत्रिकेवर आवडीच्या क्रमाने आकडे घालायचे असतात. पहिल्या पसंतीत निम्म्याच्या वर कोणी गेलं नाही, तर शेवटचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या चिठ्ठ्या दोन नंबरच्या पसंतीकडे जातात. ठराव मंजूर झाला. नावनच्या कार्यक्रमाचाही झाला.

पाडव्याला मी पुन्हा उभी राहिले. ल्यूकनमधल्या शाळेच्या हॉलमध्ये एका टेबलावर तीन मोठी स्टीलची ताटं मांडली होती आणि दोघीजणी चिठ्ठ्या उघडून मोठ्याने वाचत होत्या. शहात्तर चिठ्ठ्या. पहिल्या फेरीत दादा तेहतीस, मी अठ्ठावीस, डून लेरीवाला पंधरा. तो बाद झाला. त्याच्या पंधरा चिठ्ठ्या पुन्हा उघडल्या. अकरा माझ्या ताटात पडल्या, तीन दादांच्या. एकीवर दुसरी पसंतीच नव्हती. मी एकोणचाळीस, दादा छत्तीस.

मी जिंकले होते. नवऱ्याने शिट्टीही मारली. तेवढ्यात ल्यूकनच्या घोळक्यातून दादांचा एक मित्र ओरडला, "अरे, ही तर अमेरिकाच झाली परत! पहिली पसंती दादांना जास्त, आणि जिंकल्या वहिनी!"

हशा पिकला, पण त्या हशात थोडी कुजबुजही होती. मला ती ऐकू आली. नियमाप्रमाणे मी निवडून आले होते आणि कोणी काही करू शकत नव्हतं. पण वर्षभर लोक पाठीमागे हेच म्हणणार, हे मला स्वच्छ कळलं. मी स्वतः मनात हेच म्हणत वर्ष काढलं होतं. मी खुर्चीवर चढले. नवरा साडीचा पदर ओढत होता. "जिंकलीयेस ना? उतर खाली."

"ऐका!" मी म्हणाले. "आता आम्ही दोघंच आहोत. ज्यांना दादा हवेत, त्यांनी खिडक्यांकडे जा. ज्यांना मी हवी, त्यांनी स्टेजकडे या. खिडक्यांकडे जास्त माणसं निघाली, तर दादा अध्यक्ष. मोजणी दादांनीच करायची."

हॉलभर खुर्च्या सरकल्या. मी खुर्चीवरूनच सगळं पाहत होते. लोक उठत होते, थबकत होते, एकमेकांना ओलांडून जात होते. माझी मैत्रीण, जिने संक्रांतीच्या आधीपासून माझ्याशी धड बोलणं ठेवलं नव्हतं, तिची अख्खी नावनची फौज घेऊन स्टेजला येऊन टेकली. ल्यूकनचेही लोक येत होते, माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त. आणि चक्क तो ओरडणारा मित्रही, मान खाली घालून हसत.

दादांनी आधी खिडक्यांकडची माणसं मोजली. "एकतीस." मग ते स्टेजकडे आले. बोट दाखवत, ओठ हलवत, एकेका माणसासमोरून पुढे सरकत, त्यांनी शेवटपर्यंत मोजलं. "त्रेचाळीस," ते म्हणाले आणि थांबले. स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "चव्वेचाळीस."

हॉल दणाणला. मला नम्र वगैरे काही वाटलं नाही. मला जिंकल्याचा आनंद झाला, निखळ, उड्या मारण्याजोगा, आणि मी खरंच खुर्चीवरून उडी मारली. वर्षभराचं ओझं त्या उडीबरोबर खाली पडलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मी पुसलंही नाही.

दादांनी हात पुढे केला. "अभिनंदन वहिनी. पण सांगून ठेवतो, पुढच्या पाडव्याला मी तुम्हाला पाडणार."

"पाडा," मी म्हणाले. "पण मोजून पाडा."