अस्सल सीडीवाला न्हावी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक न्हावी होता. माणूस इतका सरळ, की फूटपट्टीनं लाजावं. दोन आरसे, एक फिरती खुर्ची आणि फळीवर गाणी वाजवायचा डबा. सीडी मात्र सगळ्या अस्सल, दुकानातून घेतलेल्या. एकदा पोस्टमननं प्रेमानं नकली सीडी आणून दिली, तर यानं त्याला खुर्चीवरून उठवलं. अर्ध्या दाढीनं टपाल वाटत फिरला बिचारा!

आता दैवगती बघा. याचाच मेहुणा बाजारात फुटपाथवर नकली सीडी विकायचा. "चोराला माझ्या उंबऱ्याच्या आत पाय नाही," न्हाव्यानं बायकोला ठणकावलं होतं. मग ती भाजीचं निमित्त काढून भावाला भेटायला जायची आणि रिकामी पिशवी हलवत परत यायची.

तिकडे गाण्यांच्या कंपन्यांना चोर काही सापडेनात. तेव्हा त्या शहाण्यांनी सीडीलाच कुलूप घातलं, म्हणजे नक्कल निघायला नको. घरात चोर शिरतो म्हणून घरधन्याचेच हात बांधायचे, हे डोकं शिकल्यासवरल्याशिवाय येत नाही!

न्हाव्याच्या लाडक्या गायिकेची नवी सीडी आली. यानं पहिल्याच दिवशी घेतली. आम्ही सगळे कान टवकारून बसलो. डब्यातून एक बाई कडाडली, "चोरीचं संगीत ऐकणं हा गुन्हा आहे!" वस्तऱ्याखाली मान दिलेले मास्तर जागीच थिजले. मग खर्र खर्र, आणि डबा मुका. पुन्हा लावली, पुन्हा बाई. गाणं काही येईना.

न्हाव्यानं कंपनीला फोन लावला.

"तुमचा डबा आमच्या सीडीला चालत नाही," साहेब म्हणाला. "नक्कल करायला गेला होतात का?"

"साहेब, मी हजामत करतो."

"सगळे असंच सांगतात."

"सगळे हजामत करतात?"

फोन खाडकन बंद.

न्हाव्याचा चेहरा उतरला. जन्मात कुणी त्याला चोर म्हटलं नव्हतं. दुकानामागच्या घरातून बायको आली. "माझ्या भावाकडे तेच गाणं वाजतंय, छान. त्या बाईची कटकटसुद्धा नाही. कंपनीच्या लेखी विकत घेणाराही चोर, विकणाराही चोर. मग उंबरा एकालाच का बंद?"

न्हाव्यानं मास्तरांची दाढी उरकली आणि तडक बाजार गाठला. मी मागोमाग, असला तमाशा मी सोडतो होय? त्याला बघून मेहुण्यानं माल पोत्याखाली सारला.

"ते गाणं आहे?"

"आहे भाऊजी, पण तुम्हाला नाही देणार. इतक्या वर्षांचा नेम माझ्या हातानं मोडायचा? ताई जन्मात तोंड बघणार नाही माझं."

न्हाव्यानं पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाला, "सीडी राहू दे. जेवायला ये."

मेहुणा आला आणि उंबऱ्याशीच घुटमळला. "येऊ ना?"

"ये बाबा. आता या घरात दोन चोर."

भरलेले डोळे दिसायला नकोत म्हणून ताई बाहेर आलीच नाही. आत भांडी मात्र नको तेवढी वाजत होती. मीही पंगतीत होतो, अशा ठिकाणी मला आमंत्रण लागत नाही. जेवता जेवता न्हावी हळूच म्हणाला, "ते गाणं म्हणून तरी दाखव की रे."

मेहुण्यानं घास गिळून सूर लावला. इतका बेसूर, की ताई हसत हसत बाहेर आली. न्हावी मात्र डोळे मिटून ऐकत होता. गळ्याला घालायचं कुलूप कंपनीला अजून सुचलेलं नाही; सुचलं की तेही विकत घेणाऱ्याच्याच गळ्यात घालतील!