अण्णांच्या तळव्यावरचा श्वास

अर्धा जबडा कापलेल्या म्हाताऱ्यावर मी जळलो. आमच्याच गच्चीवर, माझ्याच चटईवर बसून तो माझ्या बायकोला, सुशीलाला, श्वास घ्यायला शिकवत होता.

भिका अण्णा म्हणजे लिंबायतच्या लूम्सच्या कारखान्यातले, आमच्या भाषेत खात्यातले, जुने मुकादम. तंबाखूने तोंडाचा कॅन्सर दिला, ऑपरेशनने जबडा नेला. नंतर ते योगाला लागले आणि गल्लीतल्या बायकांनाही लावलं. बोलणं नीट उमटत नसे, म्हणून शिकवणं खात्यातल्या खुणांनी. मागांच्या खडखडाटात आम्ही कारागीर हातानेच बोलतो. अण्णांचा तळवा वर गेला की श्वास आत, खाली आला की बाहेर.

सुशीलाचं छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, किमो चालू, आणि उजवा हात खांद्याच्या वर जाईना. हलवला नाही तर असाच आखडून राहील, असं डॉक्टर म्हणाले होते. अण्णांच्या तळव्याकडे ती देव्हाऱ्याकडे पाहावं तशी पाही. मी पाणी मागितलं, तर मान न वळवता म्हणे, "माठ तठेच शे."

मग मी ठरवलं, हिला बरं करायचं ते मीच. पर्वत पाटिया भागातल्या एका वैद्याकडून चूर्ण आणलं आणि गच्चीवर सगळ्यांसमोर तिच्या हातात ठेवलं.

अण्णांनी पुडी हुंगली. "डाक्टरले इचारं का?"

मी वैद्याच्या तीन पिढ्या सांगू लागलो.

"मी बी काढा लेस. पन इचारीसन."

डॉक्टरांनी पुडी बाजूला सारली. किमो संपेपर्यंत असलं काही नको म्हणाले. रिक्षात घरापर्यंत सुशीला अण्णांचंच कौतुक करत आली. पैसे मात्र माझे गेले होते.

पुढे एका सकाळी तिने ओली साडी स्वतः दोरीवर टाकली. हात पुरा वर. मी दारात उभा होतो. तिने वळून पाहिलं ते अण्णांकडे. अण्णांचे डोळे भरले, माझेही. कारणं वेगळी होती.

गेल्या हिवाळ्यात अण्णांचा आजार उलटला आणि ते गेले. बायका गच्चीवर नुसत्याच बसून राहिल्या. मी चटईवर जाऊन बसलो, गंभीर चेहरा केला आणि तळवा वर नेला.

सुशीलाने माझ्याकडे पाहिलं. अखेर पाहिलं.

"तुम्ही खाले जा," ती म्हणाली. "तुमनाकडे देखं का श्वास नई, हासू येस."