अंगातलं विष काढणारे गृहस्थ

चार दिवस नुसतं लिंबूपाणी पिऊन अंगातलं विष निघतं, असं तुम्हालाही वाटतं का?

ठाण्यातल्या रेशन कचेरीत कारकून असलेल्या एका गृहस्थांना वाटतं. समोर कोणीही येवो, कार्ड हातात घेण्याआधी ते म्हणणार, "जीभ दाखवा." जीभ पांढरी दिसली की एरंडेल आणि उपास ठरलेला. स्वतःही तेच करतात. कोट अंगावर लोंबतो.

गेल्या महिन्यात कोलशेतच्या मिठागरावरची एक बाळंतीण कार्डावर बाळाचं नाव चढवायला आली. तिलाही त्यांनी उपास सांगितला. साहेबांचा शब्द म्हणून तिने तो पाळला आणि चौथ्या दिवशी तिचं दूध आटलं.

कळताच गृहस्थ दुधाचा तांब्या घेऊन भर उन्हात कोलशेतला चालत निघाले. त्यांचा शेजारी म्हणून मीही सोबत होतो. दारातच तिची सासू कडाडली, "अंगावरचा दूध आटवलास, न आता तांब्या घेऊन आयलास?"

त्यांनी मान खाली घालून तांब्या उंबऱ्यावर ठेवला. परतताना मात्र मला म्हणाले, "विष निघताना अशक्तपणा यायचाच हो!"

अशा दयाळू माणसाशी भांडावं तरी कसं?

म्हणून तुम्हालाच विनवतो. तुमच्या घरच्या बाळंतिणीला कुणी असा उपास सांगितला, तर वाद मागाहून घाला. आधी तिला भाकरी वाढा.